मिश्र विवाह आणि बेने इस्राएल समाज: मुले कोणाची, आणि मोजणार कोण?

खाडीकाठ (धागाकर्ता)

कोकणातल्या बेने इस्राएल ज्यू समाजात लग्नाचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास कानावर येतात. पहिले असे, की मुले-मुली बाहेर लग्ने करू लागली म्हणून समाज संपत चालला. दुसरे असे, की बाहेर नाही करायचे तर करायचे तरी कोणाशी? पुष्कळदा ही दोन्ही वाक्ये एकाच घरात, एकाच पंगतीला बोलली जातात आणि त्यांतला विरोध कोणाच्या लक्षातही येत नाही. मला इथे पहिल्या वाक्याची तपासणी करायची आहे, कारण आपल्या संस्था आजही त्याच वाक्याच्या आधाराने निर्णय घेतात.

आकडे आधी पाहू. १९५१ च्या जनगणनेत भारतात सुमारे सव्वीस हजार ज्यू नोंदले गेले होते. त्यांतले बहुसंख्य बेने इस्राएल होते, म्हणजे मराठी बोलणारे आणि पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी कोकणातल्या गावांवरून आडनावे लावणारे. १९७१ पर्यंत ही संख्या सहा हजारांच्या आत आली. २०११ साली ती देशभरात साडेचार हजारांच्या थोडी वर आणि महाराष्ट्रात अडीच हजारांच्या आत होती. म्हणजे मोठी घसरण झाली ती त्या वीस वर्षांत, आणि त्या काळात समाजाबाहेर लग्न करणारे इतके तुरळक होते की अशा जोडप्याची गोष्ट अलिबागपासून ठाण्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असे. माणसे कमी झाली ती इस्राएलला जाणाऱ्या बोटींमुळे आणि विमानांमुळे. रजिस्ट्रारच्या कचेरीत सह्या झाल्या त्या बऱ्याच नंतर. मागे जे राहिले त्यांच्या मुलांना वयाची, शिक्षणाची आणि स्वभावाची जुळणी करून पाहावी इतकी स्थळेच उरली नाहीत, आणि जी होती त्यांतली निम्मी नात्यातली निघत.

कोचीच्या 'परदेशी' नावाने ओळखल्या जाणाऱ्या ज्यू गटाचे उदाहरण तर याहून बोलके आहे. अन्य धर्मीयांची गोष्ट दूरच, त्याच किनाऱ्यावरच्या मलबारी ज्यूंशी सोयरीक करायलाही ते पिढ्यानपिढ्या तयार नव्हते. इतके कडक पाळूनही मट्टनचेरीच्या सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनामंदिरात) आज स्थानिक माणसांतून मिन्यान, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणारे दहा प्रौढ पुरुष, पूर्ण होत नाहीत.

आता जे झाले ते झाले. पुढे काय, हा माझा खरा प्रश्न आहे. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे मूल आईच्या धर्माचे मानले जाते, आणि महाराष्ट्रातले कुटुंब मात्र बापाच्या घरी नांदते. या दोन नियमांची कात्री मिश्र विवाहात फार विचित्र तऱ्हेने चालते. मुलाने हिंदू किंवा ख्रिस्ती मुलीशी लग्न केले, तर त्याचे घर बहुधा आई-वडिलांजवळच राहते, शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागतात, नातवंडे आजोबांबरोबर सिनेगॉगला जातात, पण शास्त्राने ती ज्यू नसतात. मुलीने बाहेर लग्न केले तर तिची मुले शास्त्राने पूर्ण ज्यू असतात, पण ती दुसऱ्या आडनावाने, दुसऱ्या घरी, पुष्कळदा दुसऱ्या गावी वाढतात, आणि आपल्या एकाही वहीत त्यांची नोंद नसते. जी मुले आपल्या डोळ्यांसमोर आहेत ती आपण मोजत नाही, आणि जी मोजायला हवीत ती कुठे आहेत हे आपल्याला माहीत नाही. हे असेच चालू द्यायचे का, यावर अनुभवी मंडळींनी लिहावे.

शनिवारतेली

आपण आकडे बरोबर मांडले आहेत, परंतु त्यांतून काढलेला निष्कर्ष मला अर्धा वाटतो. स्थलांतराने समाज लहान झाला हे मान्य. पण पंचवीस हजारांच्या समाजाला शंभर मिश्र विवाह पचतात. अडीच हजारांच्या समाजाला ते पचत नाहीत. ज्या गोष्टीने पूर्वी नुकसान झाले नाही तिनेच आता होणार आहे, आणि म्हणून आजची चिंता खोटी ठरत नाही.

मी एका सिनेगॉगच्या कमिटीवर पुष्कळ वर्षे काम केले आहे. कोकणातल्या जुन्या सिनेगॉगांमध्ये सणाला सेफेर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, बाहेर काढायची, तर मुंबई-ठाण्याहून माणसे गाडीत घालून न्यावी लागतात, आणि फोनवर प्रत्येकाला विचारावे लागते की तुम्ही नक्की येणार ना, कारण नऊ जण जमले तर दहावा कुठून आणायचा? अशा वेळी एखाद्या सभासदाचा मिश्र विवाहातला मुलगा, जो हिब्रू उत्तम वाचतो, दारात उभा असतो, आणि त्याला दहांत धरता येत नाही हे सांगण्याची पाळी माझ्यावर आलेली आहे. ते सांगणे मला सुखाचे वाटले असेल असे कोणी समजू नये.

तरीही ते सांगावे लागते, कारण हा प्रश्न फक्त आपल्या घरचा नाही. १९६२ साली इस्राएलच्या मुख्य रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) असे निर्देश काढले, की बेने इस्राएल व्यक्तीचे अन्य ज्यू व्यक्तीशी लग्न लावण्यापूर्वी तिच्या आईची, आजीची आणि शक्य तितकी मागची वंशावळ तपासावी, मिश्र विवाह आणि धर्मविधीविना झालेले घटस्फोट वंशात नाहीत ना ते पाहावे. ज्यांनी शेकडो वर्षे शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती, पाळला, तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवला आणि त्यावरून शनिवार तेली हे नाव मिळवले, त्यांच्या नातवंडांना जेरुसलेममध्ये धरणे धरावे लागले. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने बेने इस्राएल सर्व अर्थांनी ज्यू आहेत असे जाहीर केले, तेव्हा रब्बींनी आपले निर्देश बदलले. आज आपण मुंबईत नियम सैल केले, तर तिकडे लग्नाला उभ्या राहिलेल्या आपल्याच मुलांच्या कागदांवर पुन्हा प्रश्नचिन्ह लागेल. हा बोजा त्यांच्यावर टाकण्याचा अधिकार आपल्याला आहे का?

नोंदवही

१९६२-६४ चा उल्लेख आला हे चांगले झाले, पण त्या घटनेतून मी नेमका उलटा धडा घेतो. त्या वेळी आपल्या आजोबा-पणजोबांनी वंशावळीचे पुरावे गोळा करण्याचे काम हाती घेतले नव्हते. वंशावळ विचारण्यालाच त्यांनी हरकत घेतली होती.

वंशशुद्धीची ही मोजपट्टी आपल्यावर चालण्याच्या कितीतरी आधीपासून आपणही ती चालवत होतो. बेने इस्राएलांमध्ये गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असे दोन भाग होते. दुसऱ्या भागात ज्यांच्या वंशात बेने इस्राएल पुरुष आणि अन्य समाजातली स्त्री असा संबंध झाला होता, त्यांची गणना होई. हे लोक तेच सण करत, तीच शमा ही प्रार्थना म्हणत, सुंता करत, तरी त्यांच्याशी बेटीव्यवहार होत नसे. म्हणजे मिश्र संततीचे काय करायचे हा प्रश्न आपल्यापुढे विवाह नोंदणी कायद्याबरोबर आला असे नाही. तो कोकणातल्या गावांतही होता, आणि तिथे आपण दिलेले उत्तर असे होते, की धर्म पाळू द्यायचा पण जवळ बसू द्यायचे नाही.

इराककडून मुंबईत आलेल्या बगदादी ज्यूंनी आपल्याला अगदी हेच उत्तर दिले. १८३६ साली त्यांनी मुंबईच्या ज्यू दफनभूमीत भिंत घालून स्वतंत्र जागा मिळावी असा अर्ज केला, आणि पुढे कित्येक दशके त्यांच्या सिनेगॉगांत बेने इस्राएल माणसाला मिन्यानमध्ये धरण्याविषयी कुरकुर चाले. मांडवीत सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ साली बांधलेल्या सिनेगॉगमध्ये आपली प्रार्थना सुरू होऊन तोवर चाळीस वर्षे झाली होती, हे विशेष. आज मुंबईतल्या बगदादींच्या प्रार्थना ज्या थोड्या लोकांच्या आधाराने चालतात त्यांत बेने इस्राएल मोठ्या संख्येने असतात. भिंत मागणाऱ्यांच्या इमारती भिंतीपलीकडच्यांनी सांभाळल्या, याची नोंद असावी.

बिरड्याची_उसळ

मी या धाग्यातल्या दुसऱ्या गटातली, म्हणजे बाहेर लग्न करून गेलेली मुलगी आहे, तेव्हा थोडे सविस्तर लिहिते.

आमचे लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली झाले. दुसरा मार्गच नव्हता, कारण एक पक्ष ज्यू नसताना हजान (सिनेगॉगमधले प्रार्थना चालवणारे) केतुबा, म्हणजे विवाहाचा करार, लिहीत नाहीत, आणि मला किंवा नवऱ्याला धर्म बदलायचा नव्हता. तीस दिवसांची नोटीस विवाह अधिकाऱ्यांच्या फलकावर लागली आणि माझ्या वडिलांना त्या महिन्यात सगळ्यात जास्त त्रास झाला. लग्नाचा नव्हे, तर नाव-पत्त्यासह तो कागद कोणीही वाचू शकतो याचा. या कायद्याचा एक परिणाम फार थोड्यांना ठाऊक असतो. एकत्र कुटुंबातल्या हिंदू व्यक्तीने या कायद्याने बिगर-हिंदू व्यक्तीशी लग्न केले, तर ती त्या एकत्र कुटुंबातून कायद्याने वेगळी झाली असे धरतात, आणि त्यांच्या मालमत्तेला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. दोघेही हिंदू असतील तर असे होत नाही. आमच्या घरी हे वकिलांनी सांगितल्यावर सासऱ्यांनी आधी वाटणीचा कागद केला आणि मग साखरपुडा. त्यामुळे मिश्र विवाहात फक्त आपलाच समाज काहीतरी गमावतो ही समजूत मला एकांगी वाटते.

आता मुलांविषयी. खाडीकाठ यांनी लिहिल्याप्रमाणे माझी मुले शास्त्राने ज्यू आहेत, आणि आजवर कोणत्याही सिनेगॉगने त्यांची चौकशी केलेली नाही. त्यांना जे काही येते ते आईच्या घरच्या मलिद्यामुळे येते. नवस फेडायचा असो, बारसे असो किंवा नवे घर असो, आईकडे एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा होतो. भिजवलेले पोहे, साखर, ओले खोबरे, वेलची आणि सुका मेवा एकत्र कालवून मोठ्या ताटात शीग लावायची, भोवती फळे मांडायची, आणि झाडाच्या फळाचा आशीर्वाद वेगळा, जमिनीत येणाऱ्या फळाचा वेगळा, सुवासाचा वेगळा असा क्रमाने म्हणून मग वाटायचे. केळे कोणत्या आशीर्वादात घ्यायचे यावरून माझ्या दोन्ही मुलांचे आजोबांशी भांडण होते, आणि ते त्यात जिंकतात, कारण त्यांनी पाठ केलेले असते. माझ्या सासूबाई नारळ खवायला बसतात आणि मागच्या वेळेपेक्षा वेलची कमी झाली हे सांगतात. या सगळ्यांत धर्मांतर कोणाचेच झाले नाही आणि गणपतीही आमच्याकडे दीड दिवसाचा बसतो.

पण मलिदा आजीबरोबर जाईल, ही मला खरी भीती आहे. मुलांना हिब्रू अक्षरे शिकवायला मी दोनतीन ठिकाणी विचारले. एका ठिकाणी, नाव लिहीत नाही, मला नवऱ्याचे नाव विचारले आणि ते ऐकल्यावर वर्ग भरला आहे असे उत्तर मिळाले. वर्गात चार मुले होती. ज्या शास्त्राच्या आधाराने सोवळे पाळायचे, तेच शास्त्र माझ्या मुलांच्या बाजूने असताना असे होते.

शनिवारतेली

ताई, आपल्या मुलांना परत पाठवणाऱ्याने शास्त्रही पाळले नाही आणि शहाणपणही दाखवले नाही, हे मी कमिटीच्या अनुभवावरून स्पष्टपणे लिहितो. आईकडून ज्यू असलेले मूल ज्यू आहे, यावर चर्चेला जागाच नाही. माझा आक्षेप दुसऱ्या बाजूविषयी आहे, म्हणजे सुनेच्या मुलांविषयी.

पूर्वकिनारा

मी अमेरिकेत राहणारा मराठी माणूस, ज्यू नाही, पण इथे शेजारात आणि कामावर हा विषय सतत कानावर पडतो. इथल्या अनुभवाचा थोडा उपयोग होईल असे वाटते.

प्यू संशोधन संस्थेच्या २०२० च्या पाहणीप्रमाणे अमेरिकेतल्या विवाहित ज्यूंपैकी ४२ टक्क्यांचा जोडीदार ज्यू नाही, आणि २०१० नंतर लग्न केलेल्यांमध्ये हे प्रमाण ६१ टक्के आहे. ऑर्थोडॉक्स, म्हणजे कर्मठ, ज्यू वगळले तर ते ७२ टक्क्यांपर्यंत जाते. ऑर्थोडॉक्स मंडळींमध्ये मात्र जवळजवळ शून्य. १९९० च्या सुमारास असे आकडे पहिल्यांदा बाहेर आले तेव्हा इथे हाहाकार उडाला होता आणि आता एकदोन पिढ्यांत सगळे आटोपेल असे लिहिले गेले. तसे झाले नाही. त्याचे एक कारण असे, की सुधारणावादी रब्बींच्या परिषदेने १९८३ सालीच ठरवले होते, की आई किंवा बाप यांपैकी कोणीही एक ज्यू असेल आणि मुलाला ज्यू म्हणून वाढवले असेल, तर ते ज्यू मानावे. यात 'वाढवले असेल तर' ही अट महत्त्वाची आहे. नुसते रक्त पुरत नाही, आईचे सुद्धा. त्या निर्णयामुळे ऑर्थोडॉक्स आणि सुधारणावादी यांच्यात ज्यू कोण याचीच दोन उत्तरे तयार झाली आणि ती दरी अजून बुजलेली नाही, हेही सांगायला हवे.

मुंबईला ही विचारसरणी परकी नाही. डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने १९२५ मध्येच ज्यूइश रिलिजस युनियन ही उदारमतवादी प्रार्थनासंस्था मुंबईत उभी राहिली होती. तिचा विस्तार का झाला नाही, हे कोणी जाणकाराने सांगावे.

नोंदवही

विस्तार न होण्याचे मुख्य कारण पुन्हा स्थलांतरच. १९४८ नंतर ज्या देशात जायचे होते तिथे ऑर्थोडॉक्स रब्बींच्या सहीशिवाय लग्न लागत नव्हते आणि आजही लागत नाही. जायची पिशवी भरून ठेवलेल्या समाजाला उदारमतवादी प्रयोग परवडत नसतो. शिवाय अमेरिकेत साठ-सत्तर लाख ज्यू आहेत, त्यामुळे तिथे दोन पंथांची दोन उत्तरे निरनिराळ्या इमारतींत सुखाने राहतात. आपल्याकडे दोन उत्तरे द्यायची म्हटली तर दोन्हीकडे मिन्यान होणार नाही.

अगियारीशेजारी

मुंबईतच पाहायचे तर अमेरिकेपेक्षा पारशी समाजाचे उदाहरण जवळचे आहे, कारण तिथे नियम बरोबर उलटा आहे. पिटिट विरुद्ध जीजीभाई या खटल्यात १९०८ साली मुंबई उच्च न्यायालयाने जे मत मांडले त्यावरून पारशी बापाची, नवजोत (धर्मदीक्षा) झालेली मुले पारशी मानली जाऊ लागली, मग आई परकी का असेना. आई पारशी आणि बाप परका असेल तर दार बंद. त्यामुळे मुलाने बाहेर लग्न केले तर नातवंडे आत आणि मुलीने केले तर ती आणि मुले दोन्ही बाहेर, अशी व्यवस्था शतकभर चालली. २००१ मध्ये ६९,६०१ असलेले पारशी २०११ मध्ये ५७,२६४ झाले.

तेव्हा बापाकडून मोजले तरी समाज घटला आणि आईकडून मोजले तरी घटला. उशिरा लग्ने, लग्नच न करणे, एकच मूल आणि परदेशगमन ही कारणे दोन्हीकडे आहेत. मोजण्याचा नियम बदलून माणसे निर्माण होत नाहीत. पण असलेली माणसे दुखावून घालवायची की नाही, एवढे त्याने नक्की ठरते.

दक्षिणेचे_वाळवंट

इस्राएलहून लिहितो आहे. माझे आई-वडील ठाण्याचे.

मुंबईच्या मंडळींना वाटते की इकडे आलेल्यांचा हा प्रश्न सुटला. अर्धाच सुटला. इथे आमच्या पिढीने मोरोक्कोच्या, इराकच्या, रशियाच्या ज्यूंशी लग्ने केली. धर्म एकच, त्यामुळे कागदोपत्री काही अडले नाही. पण घरात मराठी राहिली नाही, कारण नवरा-बायकोची सामाईक भाषा हिब्रू होती. बिरड्याचा सण (मंदिराच्या विध्वंसाचा उपवास) आणि दारफळणीचा सण (योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस) ही नावे आता माझ्या मुलांना सांगितली तर ती हसतात. चिकाचा हलवा आमच्याकडे अजून होतो, कारण सुनेला तो आवडला. मेंदीचा समारंभ तर इतका आवडला, की आता आमच्यात लग्न होऊन आलेल्यांच्या घरीही तो थाटात करतात. यावरून मला असे वाटते, की समाजाचे जे काही टिकते ते जोडीदाराला आवडले म्हणून टिकते, आणि जोडीदार ज्यू आहे की नाही याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. हे ऐकायला कडू लागेल.

शनिवारतेलीकाकांच्या मुद्द्यावर एक माहिती द्यावीशी वाटते. १९७० साली इथल्या परतीच्या कायद्यात दुरुस्ती होऊन ज्यूंच्या मुलांना, नातवंडांना आणि त्यांच्या जोडीदारांनाही इथे येऊन नागरिक होण्याचा अधिकार मिळाला. पण त्याच दुरुस्तीत ज्यू कोण याची व्याख्या आईवरून किंवा धर्मांतरावरून ठरते असे म्हटले आहे. त्यामुळे ज्यूचा नातू म्हणून इथे आलेला माणूस सैन्यात जातो, कर भरतो, आणि लग्नाच्या वेळी मात्र रब्बी त्याला ज्यू मानत नाहीत. इथे नागरी विवाहाची सोय नसल्याने अशी जोडपी सायप्रसला जाऊन लग्न करून येतात. जाता जाता आठवले म्हणून लिहितो: त्या सायप्रसचे १९९३ ते २००३ या काळातले अध्यक्ष ग्लाफ्कोस क्लेरिडेस यांच्या पत्नी लीला एरुलकर या बेने इस्राएल घराण्यातल्या, गांधीजींवर उपचार करणाऱ्या डॉ. अब्राहम एरुलकरांच्या कन्या. मिश्र विवाह करून आपली एक मुलगी कुठवर पोचली, याचे कौतुक आपल्याकडे फारसे कोणी केलेले दिसत नाही.

खाडीकाठ (धागाकर्ता)

इतके मुद्देसूद प्रतिसाद येतील असे वाटले नव्हते. आता मूळ प्रश्नावर येतो. नियम बदलण्याचा वाद बाजूला ठेवून, आहे त्याच नियमात काय करता येईल, हे मला अधिक निकडीचे वाटते.

पहिली गोष्ट मुलींच्या मुलांची. इथे शास्त्र आड येत नाही, येतो तो आपला आळस आणि आपली पितृसत्ताक सवय. लग्न होऊन गेलेली मुलगी म्हणजे गेलेली, ही धारणा आपण शेजाऱ्यांकडून घेतली. ज्यू परंपरेत तिला आधार नाही. प्रत्येक सिनेगॉगच्या नोंदवहीत जन्माच्या नोंदी असतात. त्यांवरून बाहेर लग्न केलेल्या मुलींना पत्र किंवा फोन जायला काय हरकत आहे? तुमच्या मुलांना सणाला आणा, एवढेच म्हणायचे आहे.

दुसरी गोष्ट सुनांची आणि सुनांच्या मुलांची, आणि ती अवघड आहे. शास्त्र त्यांना धर्मप्रवेशाचा मार्ग देते, पण भारतात स्थायी रब्बी न्यायालय नाही. ज्या सुनेला खरोखर यायचे आहे तिला परदेशातून रब्बी येण्याची वाट पाहावी लागते, किंवा स्वतः परदेशी जाऊन महिनोन्महिने राहावे लागते, आणि ते करूनही ते धर्मांतर इस्राएलचे रब्बी मानतीलच असे नाही. दार उघडे आहे असे सांगायचे आणि दारापर्यंत रस्ता ठेवायचा नाही, याला मी कडक शिस्त म्हणणार नाही. आपल्याला आंतरराष्ट्रीय ज्यू संस्थांकडून व्यायामशाळा, सहली आणि वृद्धांसाठी मदत मिळते, ती स्तुत्यच आहे. पण ठरावीक काळाने मान्यताप्राप्त रब्बी न्यायालय मुंबईत बसवा, अशी मागणी आपण एकमुखाने कधी केली आहे का?

सरकारचेही एक माप आहे. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. तिथे आईची वंशावळ कोणी विचारत नाही. नोंदवलेला धर्म धरतात. म्हणजे एकाच मुलाचे शासनाकडे एक उत्तर, सिनेगॉगमध्ये दुसरे आणि तेल अवीवच्या विमानतळावर तिसरे असू शकते. दिल्लीच्या जुडा हयाम सिनेगॉगमध्ये मिन्यानमध्ये स्त्रियाही धरतात, हे चौथे. या गोंधळात निदान मुलाला आपण काय सांगायचे हे तरी आपल्यात ठरलेले असावे.

शनिवारतेली

पहिल्या गोष्टीला माझा पाठिंबा आहे आणि मी ती पुढच्या सभेत मांडणार आहे. रब्बी न्यायालयाच्या मागणीलाही आहे, कारण ती शास्त्राला धरून आहे. मात्र न्यायालय येईपर्यंत सुनांच्या मुलांना दहांत धरावे असे कोणी म्हणू नये. त्याला मी विरोध करीन आणि माझ्यासारखे आणखी पुष्कळ करतील. प्रार्थनेला बसू द्यावे, शिकवावे, किद्दुशचा (शब्बाथच्या आशीर्वादाचा) पेला हातात द्यावा, पण मोजू नये.

बिरड्याची_उसळ

काका, आणि दफनभूमी? माझ्या भावाची बायको ज्यू नाही. तीस वर्षे तिने माझ्या आई-वडिलांची सेवा केली आहे, शब्बाथचे जेवण शुक्रवारीच करून ठेवते, मटणाच्या कालवणात दूध-दही पडू न देता नारळाचे दूध वापरते. उद्या भावाशेजारी तिला जागा मिळणार की नाही, हे आमच्या घरात कोणी मोठ्याने विचारत नाही. मिन्यानपेक्षा हा प्रश्न अधिक घरांत आहे, याची मला खात्री आहे.

शनिवारतेली

शास्त्राने त्याच रांगेत जागा देता येत नाही. काही देशांतल्या ज्यू दफनभूमींत कुंपणाच्या आत, वेगळ्या रांगेत अशा जोडप्यांसाठी जागा राखलेली असते, मध्ये रस्ता किंवा झाडांची ओळ असते. आपल्याकडे जागेची टंचाई आहे, तरी निदान एका ठिकाणी तसे करता येईल. भिंत मात्र नको. भिंतीचा अनुभव आपल्याला आहे, हे वर नोंदवही यांनी लिहिलेच आहे. हा विषय मी त्याच सभेच्या विषयपत्रिकेवर घालतो. मंजूर होईल असे आश्वासन देत नाही, कारण दोन सभासद उठून जातील हे मला आताच दिसते आहे. आपल्या भावाने एक लेखी अर्ज कमिटीला द्यावा. तोंडी विचारलेल्या गोष्टीची नोंद होत नाही, आणि नोंद नाही म्हणून असा प्रश्नच नाही, असे आमच्याकडे आजवर चालत आले आहे.

दक्षिणेचे_वाळवंट

अर्जाचा मसुदा इथेच टाकावा, म्हणजे ठाण्याच्या आणि पुण्याच्या लोकांनाही वापरता येईल. माझ्या चुलतभावाच्या घरीही हाच प्रश्न आहे.